कालचं पाणी

मंडळी, एक प्रश्न विचारते. पाणी शिळं कधी होतं?

मागे बसलेल्या काकू पुटपुटल्या — "एका रात्रीत." बरं! मग धरणातलं पाणी कधीचं हो, काकू? गेल्या पावसाळ्यातलं! तिथे वर्षभर ते ताजं, आणि तुमच्या हंड्यात एक रात्र झोपलं की शिळं? हसू नका. याच प्रश्नावर एका लेकराचा जीव टांगणीला लागला होता. थांबा, एक घोट घेते, मग ऐका.

खडकवणे गाव. नळाला पाणी सकाळी सहा ते सात. गल्लीच्या वरच्या टोकाला तानूआत्या — सोवळ्याच्या कडक. नळ फुसफुसला की पहिलं काम, कालचे दोन्ही हंडे पायरीवर पालथे. "शिळं पाणी देवाला चालत नाही." आत्या ओततात म्हणून शेजारीण ओतते, शेजारीण ओतते म्हणून तिची जाऊ. गल्लीतून ओहोळ! आणि सगळे हंडे पुन्हा काठोकाठ भरेपर्यंत सात वाजलेले.

खालच्या टोकाला शेवंता. तिच्या नळाला नुसती हवा. मग ती ओढ्यावर जायची. तिच्या दोन वर्षांच्या मुक्ताला जुलाब लागले, तिसऱ्यांदा सलाईन लावलं. डॉक्टर म्हणाले, "बाई, ओढ्याचं पाणी बंद. पोर आता अजून एक झटका सोसणार नाही."

दुसऱ्या दिवशी सहाला शेवंता घागर घेऊन आत्यांच्या पायरीखाली उभी.

"काय गं?"

"आत्या, ओतायचंच आहे ना? मग माझ्या घागरीत ओता."

आत्यांचा हंडा हातातच राहिला. "शिळं पाणी लेकराला पाजशील? पाप मला लागेल."

"मग ओढ्याचं पाजू?"

मंडळी, तुम्ही काय उत्तर दिलं असतं? पण हार मानतील त्या आत्या कसल्या! म्हणाल्या, "ताजं ते ताजं. एका घोटात ओळखते मी."

"मग ओळखा," शेवंता म्हणाली. "तिकडे तोंड करा."

तिने एक तांब्या कालच्या हंड्यातून भरला, एक वाहत्या नळाखाली. आत्यांनी पहिला घोट घेतला. दुसरा घेतला. पुन्हा पहिला. मान डोलावली — "हे बघ, हे ताजं. गोडवा कळतो लगेच."

शेजारणीने तोंडाला पदर लावला. तो कालचा तांब्या होता!

"आत्या," शेवंता हळूच म्हणाली, "तुमच्या हंड्यावर झाकण असतं. लांब दांड्याच्या ओगराळ्यानेच पाणी घेता, आत कुणी हात घालत नाही. खराब होईल कसं? तुमचं सोवळंच राखतंय ते."

आत्यांनी तोच हंडा उचलला. शेवंताची घागर भरून दिली आणि आत गेल्या.

दुसरा दिवस. सहा वाजले. आत्यांचा नळ बंद!

"आत्या, बरं नाही का?" शेजारीण धावली.

"मला काय धाड भरलीय? हंडा भरलेला आहे. उणं आहे तेवढंच घेईन. आणि तू गं, कुठे ओततेस ते? ठेव खाली!"

शेजारणीने ठेवला. मग जावेने. एकेक नळ बंद होत गेला — खट, खट, खट — आणि खालच्या टोकाला शेवंताचा नळ फुसफुसला. खोकला. थुंकला. आणि धो धो लागला!

"आलं! आत्या, आलं!"

तानूआत्या गल्लीभर चालत खाली गेल्या. शेवंताच्या नळाला हळदीकुंकू वाहिलं, आणि त्या नळाचं पहिलं भांडं स्वतःच्या हाताने मुक्ताच्या ओठांना लावलं. ती पोर आज अंगणवाडीत सगळ्यांच्या पुढे पळते!

आता तुमच्याकडे वळते. मघापासून या तांब्यातलं पाणी पितेय ना मी? तुमच्याच देवळातलं आहे, काल सकाळी भरलेलं. झाकण होतं, ओगराळं होतं. माझा आवाज बसला? नाही ना!

मग उद्या नळ आला की हंडा उचलण्याआधी क्षणभर थांबा. तुमच्या गल्लीच्या खालच्या टोकाला कोण राहतं, तेवढं आठवा. आणि हंडा होता तिथेच ठेवा. म्हणा माझ्याबरोबर, टाळ वाजू द्या —

झाकून ठेविले, कालचे जीवन।
शेजारी पोचले, तेच नारायण॥