तब्येतीला मानवणार नाही

...आणि वर मलाच सांगतात, पथ्य पाळ म्हणून! कसलं पथ्य? तुम्हाला सांगतो, तब्येत ठणठणीत आहे हो माझी! पण ऐकतंय कोण... आधीच माफी मागतो, हे मी कागदावर लिहून आणलंय, कारण चार माणसं समोर दिसली की माझी जीभ टाळूला चिकटते. शाळा आठवीतच सुटली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाचा आनंदच आहे, शब्दही आपले साधेच. आणि तो 'तत्त्व' शब्द, त्यात 'त' नक्की किती, हे मला अजून उमगलेलं नाही. त्यानेच तर घात केला!

मी लोखंडी दारांच्या कारखान्यात आहे. बिजागऱ्या, कड्या, कोयंडे बसवतो. घरात आई आणि मी, मिळवता मी एकटा. परवा मालकांनी बोलावलं, टेबलावर इमारतीचा नकाशा पसरला. "मुक्या," (कारखान्यात माझं हेच नाव) "नशीब काढलंस लेका! परदेशी जायचं. तीन महिने. वसतिगृहाचं काम आहे, दोनशे दारं बसवायची." आणि देशाचं नाव सांगितलं.

आमच्या शेजारच्या खोलीत त्याच देशातून पळून आलेल्या बाई राहतात. तिकडे शिक्षिका होत्या. वर्गात एक प्रश्न विचारला, म्हणून अकरा महिने कोंडून ठेवलं होतं त्यांना! मागे त्यांच्या दाराची कडी सैल झाली म्हणून मी पाना घेऊन गेलो, तर म्हणाल्या, "घट्ट नको करूस बाळा, काढूनच टाक." आता अशा देशात मी दारं बसवायला जायचं?

तरी म्हटलं, वसतिगृह आहे, बघू तर खरं. आमच्याकडे शेवटची तपासणी ठरलेली असते. दार बसवलं की कारागिराने स्वतः आत जायचं, दार लावायचं, आतली कडी घालायची, काढायची आणि बाहेर यायचं. म्हणून मी नकाशात आतली कडी शोधतोय, शोधतोय... दोनशे दारं आणि आतून एकालाही कडी नाही! सगळ्या बाहेरून! मध्ये झडप केवढी, तर ताटली सरकेल एवढी! हे कसलं हो वसतिगृह?

धीर केला. म्हणालो, "साहेब, माझ्या तत्त्वाला मानवणार नाही." म्हणजे पुटपुटलो. त्यात बाजूला ग्राइंडर किंचाळतोय...

"तब्येतीला? अरे, मग आधी नाही का बोलायचं!"

"नाही साहेब, तत्त्व..."

"लाजू नकोस रे. गेल्या वर्षी तो रंगारी म्हणाला, मनाला पटत नाही. दुसऱ्या दिवशी फाटकाबाहेर! मनाबिनाचं मी ऐकून घेत नाही. पण तब्येतीपुढे कुणाचं चालतं? जा, आराम कर. नोकरी कुठे जात नाही तुझी."

आता सांगा! खरं बोललो तर फाटकाबाहेर, गप्प बसलो तर आजारी. बसलो गप्प. आणि तब्येत ठणठणीत आहे हो माझी!

घरी पोचतोय तर बातमी माझ्या आधी हजर. आई थर्मामीटर घेऊन दारात उभी. "लपवलंस ना माझ्यापासून?" ताई डोळे पुसतेय, दाजी सफरचंदांची पिशवी घेऊन हसतायत, "आजार कसला, विमानाला घाबरलाय हा! अहो मेव्हणे, खिडकीशी बसू नका म्हणजे झालं!" मी "तत्त्व" म्हणायला तोंड उघडलं, तर आईने त्यात थर्मामीटर घातलं.

संध्याकाळी मिस्त्रीकाका आले. मला पाना धरायला शिकवलं ते याच माणसाने. म्हणाले, "मुक्या, तुझ्या जागी मी चाललोय. आपण दार बसवायचं आणि यायचं. आत कोण आहे, ते दाराला कुठे कळतं?"

मला विचारायचं होतं, काका, आत उभं राहून बघितल्याशिवाय दार सोडायचं नाही, हे तुम्हीच ना शिकवलंत? अगदी ओठांवर आलं होतं हो. आणि मी बोललो काय? "काका, सफरचंद घ्या."

त्यांनी दोन घेतली.

मग मात्र मलाच माझी लाज वाटली. दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यात गेलो, आधी ग्राइंडरचं बटण बंद केलं आणि सगळ्यांसमोर ओरडलो, "मला काहीही झालेलं नाही! तब्येत ठणठणीत आहे माझी! ती कोठडीची दारं आहेत, म्हणून मी जाणार नाही!"

मिस्त्रीकाका खाली बघतायत. मालकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाले, "बरं, नको जाऊस. तुझ्या हातात कसब आहे म्हणून काढत नाही. दारं काय, बनायची इथेच आहेत. तू आपला जागेवर बस आणि कड्या जोड. दोनशे."

म्हणजे बघा! मी त्या देशात जात नाही म्हटलं, तर यांनी तो देशच उचलून माझ्या टेबलावर आणून ठेवला! पहिलं दार समोर आडवं पडलेलं, शेजारी कड्यांचं खोकं. सगळे बघतायत. मी पाना हातात घेतला... आणि परत ठेवला. डबा उचलला आणि साडेनऊला घरी.

आई दारातच. "इतक्यात आलास? कसं वाटतंय रे?"

म्हटलं, "बरं वाटतंय, आई. नोकरी गेली."