एका प्रबंधाला तीन पहारेकरी

...आणि वर तो कॉम्प्युटरवाला क्रिकोर मलाच विचारतो, "तीन? तिन्ही एकाच कॉम्प्युटरमध्ये?" आता ह्याला काय म्हणायचं? अरे बाबा, तूच विकलेस ना! सोमवारी एक, बुधवारी एक, गुरुवारी सकाळी तुझं दुकान उघडतंय न उघडतंय तोच तिसरा. तर म्हणतो, माणूस तीनदा छत्री घ्यायला आला तर दुकानदाराला काय माहीत, तो तिन्ही एकदम उघडून एका दारातून बाहेर पडणार आहे? बरं, बरोबर आहे त्याचं. पण तुम्हीच सांगा, बैरूतमध्ये एकावर कोण भागवतं? आमच्या गच्चीवर पाण्याच्या टाक्या दोन. सरकारी वीज गेली तर गल्लीतल्या जनरेटरची लाइन, ती येईपर्यंत बॅटरीचा डबा, डबा बसला तर मेणबत्त्या, आणि मेणबत्त्यांशेजारी काडेपेट्या दोन, कारण एक सादळलेली निघाली तर? अर्धं आयुष्य लढाईत गेलं हो. संपून आठ वर्षं झाली, तरी मी अजून पासपोर्ट उशीखाली घेऊन झोपतो. बायको हसते. हसू दे. पहारा असलेला बरा!

तर तुम्हाला सांगतो, सगळं झालं जुमानाच्या प्रबंधावरून. जुमाना म्हणजे माझी धाकटी. थोरला वदीह, तो सिडनीला, त्याच्यामुळे मला सगळे अबू वदीह, म्हणजे वदीहचा बाप, म्हणतात, पण घरात राहिली ती हीच. हिचा विषय काय, तर डोंगरातले झरे. कुठला आटला, कधी आटला, का आटला. दोन वर्षं ही पोरगी डोंगरात भटकली, बाटल्या भरभरून पाणी आणलं, त्यातल्या एका बाटलीची मी कॉफी केली... जाऊ दे, तो विषय घरात बंद आहे. मुद्दा काय, तर प्रबंध शुक्रवारी दुपारी बाराच्या आत द्यायचा. बारानंतर तिच्या प्राध्यापकबाई विमानतळावर, आणि बाईंची सही नाही तर पोरीची फ्रान्समधली जागा दुसऱ्या कुणाला. समजलं ना? शुक्रवार. बारा.

गुरुवारी सकाळी तिनं शेवटचं प्रकरण टाइप केलं. अकरा पानं. आणि ग्रंथालयात जाताना दारातून म्हणाली, "बाबा, हे उघडंच राहू दे, आल्यावर पुढचं करते. हात लावू नका." मी म्हटलं, छे, मी कशाला हात लावतोय!

आता ह्या कॉम्प्युटरची तऱ्हा अशी, की दिवसातून चारदा निळा पडायचा. सगळा पडदा निळा, त्यावर पांढरी अक्षरं, की झालं, लिहिलेलं सगळं गेलं. म्हणून तर सोमवारी पहिला पहारेकरी आणला. म्हणजे प्रोग्राम हो. कॉम्प्युटर कोसळायला लागला की हा मधे पडतो आणि सावरतो म्हणे. दोन दिवस एकदाही निळा पडला नाही. आणि माझी झोप उडाली! एकटाच आहे बिचारा, ह्याचाच डोळा लागला तर? म्हणून बुधवारी दुसरा. आणि गुरुवारी, ती जिना उतरली तशी, ह्या दोघांवर नजर ठेवायला तिसरा. हात लावला नाही, देवाशप्पथ. फक्त तबकडी आत सरकवली.

पहिली पाच मिनिटं शांतता. मी कॉफी ओतली. आणि पहिला उठला, अगदी अदबीनं, "महाशय, एक अनोळखी प्रोग्राम आत घुसला आहे. थांबवू?" म्हटलं, थांबव बाबा. लगेच दुसरा, हा अधिकाऱ्याच्या आवाजातला, "कुणीतरी पहाऱ्यात ढवळाढवळ करतंय. बंद करतोय. हो की नाही?" मी घाबरून म्हटलं, हो. तर तिसरा, "दोन प्रोग्राम कोसळले होते, दोन्ही पुन्हा उभे केले!" आणि उभे राहिल्या राहिल्या पहिला, "महाशय, एक अनोळखी प्रोग्राम..." अहो, कोसळायला आलेलं काहीच नव्हतं! हे तिघं एकमेकांनाच पकडत होते. आणि ह्यांच्या चौकटींच्या मागे, तिथे, कोपऱ्यात, जुमानाचे झरे. एक ओळ दिसायची, की वर चौकट. मग एक नवीच चौकट आली. "उघडी कागदपत्रं बंद होतील. चालेल?" तिनं ती अकरा पानं साठवली होती की नव्हती? मला काय माहीत! 'हो' म्हणावं तरी पंचाईत, 'नाही' म्हणावं तरी पंचाईत. तीन तास मी त्या माउसवरचं बोट उचललं नाही. उचलता येईना. पहारा असलेला बरा म्हणतात... कोण म्हणतं? मीच म्हणतो!

ओडेट, म्हणजे आमची ही, स्वयंपाकघरातून आली, हातात मसुराचा डबा. पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "आपला जिना आठवतो?" न आठवून सांगतो कुणाला? लढाईत एक टोळी आली, म्हणाली आम्ही तुमची इमारत राखतो, आणि पुढच्या दारात वाळूची पोती लावली. दुसरी आली, म्हणाली आम्हीही राखतो, आणि बसली मागच्या दारात. पुढे दोघीही आम्हाला एकमेकींपासूनच राखायला लागल्या. अकरा दिवस कुणाला बाहेर पडता आलं नाही. ओडेट म्हणाली, "दोघीही निघून गेल्या, तेव्हा पाव मिळाला." आणि गेली डाळ शिजवायला! मी इथे मरतोय आणि हिचा कांदा तळून चाललाय, निवांत.

क्रिकोरला फोन लावला. तो म्हणाला, प्लग काढा. म्हटलं, आणि अकरा पानं? म्हणे, ते मुलीला विचारा. मुलीला विचारा! म्हणजे मुलीला सांगा, असंच ना? प्लगापर्यंत हात गेला हो. पण मी काढला आणि प्रकरण गेलं, तर ते बापानं घालवलं. वीज गेली आणि प्रकरण गेलं, तर सरकारनं घालवलं. आणि वीज तर सहाला जाणारच होती, रोज जाते! खरं सांगतो, ह्या वयात पहिल्यांदा मी वीज जावी म्हणून देवापुढे मेणबत्ती लावली.

सहाला गेली. घर काळोखात. कॉम्प्युटर? चालू! बॅटरीचा डबा, जो एरवी दोन मिनिटांत मान टाकतो, त्या दिवशी बहाद्दरासारखा उभा. आणि तो जनरेटरवाला, ज्याला रोज बाल्कनीतून हाका मारून उठवावं लागतं, त्यानं तिसऱ्या मिनिटाला मोटर सुरू केली! काय करणार, सगळा बंदोबस्त मीच केलेला. माझ्या घरात आता काही कोसळूच शकत नव्हतं. "महाशय, एक अनोळखी प्रोग्राम..."

सातला जुमाना आली. मला वाटलं ओरडेल. नाही. दारातूनच पडदा बघितला आणि विचारलं, "किती?"

मी म्हटलं, "तीन."

ती टेबलाखाली वाकली आणि तिनं प्लग खेचला. पडदा काळा. मी खाली बसलो, म्हटलं, पोरी, माफ कर, तुझी दोन वर्षं मी... तर हिनं पर्स उघडली आणि एक फ्लॉपी टेबलावर ठेवली. स्वयंपाकघरात जाऊन मसुराच्या डब्यातून दुसरी काढली. तिसरी म्हणे झाहले गावात, मावशीकडे. आणि सकाळची अकरा पानं? पहिल्या दोन्हीत. ओडेटला ठाऊक होतं! सकाळपासून ठाऊक होतं, म्हणून तर कांदा असा खरपूस तळला गेला.

मी म्हटलं, "म्हणजे तुलाही भीती होतीच ना, हा निळा पडेल म्हणून?"

"त्याची नाही, बाबा," ती म्हणाली. "तुम्ही त्याला वाचवायला जाल, त्याची."

प्रबंध शुक्रवारी साडेअकराला बाईंच्या हातात पडला. पोरगी फ्रान्सला गेली. जाताना तिन्ही पहारेकरी काढून टाकले आणि कॉम्प्युटरवर चिठ्ठी चिकटवली, 'बाबांनी हात लावू नये.' आता तो पुन्हा दिवसातून चारदा निळा पडतो, आणि मी समोर हाताची घडी घालून बसतो. मागे खुर्ची टाकून ओडेट बसलेली असते, माझ्या हातांकडे बघत. काय करता? पहारा असलेला बरा.