शेवंताबाईची राख

वाघाच्या लय गोष्टी ऐकल्या असान तुमी, पन शिस्तीचा वाघ ऐकला काय?

आमच्या गल्लीत मोठा उतार हाये. खदानीच्या ट्रकातून कोळशाची भुकटी सांडते, अन् थंडीत त्याच्यावर दव पडलं का सारा घसरडा काळा चिखल होते. म्हनून शेजारची शेवंताबाई रोज संध्याकाळी चुलीची राख आनून रस्त्याच्या एका कडेनं पसरवते. मी मास्तर मानूस, सकाळची शाळा. माही गाडी नेमकी त्याच राखेवरून काढो.

ती रोज वरडे, "मास्तर, गाडी मधातून न्या! राख पायी चालनाऱ्यायसाठी हाये!"

"बाई, मी घसरून पडीन ना!"

"मंग हळू चालवा!"

परवा सकाळी गाडी काढली अन् तिथंच ब्रेक दाबला. राखेवर वाघाचे पंजे, बशीएवढे, उताराच्या वरपासून थेट खालपर्यंत. मधातल्या चिखलात एकबी नाई.

"बाई, वाघ गेला इथून!"

शेवंताबाईनं कमरेवर हात ठेवून पंजे वरून खालपर्यंत पाह्यले. मंग हळूच बोलली, "बराबर गेला, मास्तर. तोबी पायीच चालते ना."