हवा लांबवायची

नेब्रास्कातल्या ट्रकवाल्यांच्या थांब्यावर व्हर्ना खांद्यावर टॉवेल टाकून आंघोळीच्या रांगेत उभी होती. पुढचे दोघे तिच्यासारखेच, तिच्याच कंपनीचे ड्रायव्हर होते, पण ओळखीचे नव्हते.

"डेल्मर, तुला ऑफिसात कशाला बोलावलं होतं रे?"

"जांभयांवरून."

"म्हणजे?"

"गाडीत तो कॅमेरा बसवलाय ना, तोंड उघडलं की त्याला वाटतं ड्रायव्हर पेंगतोय. लगेच ऑफिसला कळवतो. आणि मी तर गात होतो."

"ते नदीकाठच्या पोरीचं गाणं?"

"तेच जुनं. फक्त नदीच्या जागी गोदाम घातलंय. 'गोदामाच्या दारी सखे, धीर किती धरावा, माल काही उतरेना, उतरली चाकातली हवाऽऽ.'"

"त्या 'हवा'लाच जबडा वासतोयस बघ."

"साहेब म्हणाले, गाणं बंद कर, नाहीतर किल्ली ठेव."

"मग मुकाट्यानं चालव की बाबा. या वयात दुसरी नोकरी कोण देणारे?"

"जन्मभर हायवेवर गात आलोय, होलिस. आता त्या डबीला विचारून तोंड उघडू?"

"तुला एकट्याला काढून टाकतील."

"एकट्याला काढता येतं, म्हणून तर म्हणतोय, तूही गा."

"माझा सूर लागत नाही, तुला माहितेय."

"कॅमेऱ्याला कुठे कान आहेत? त्याला नुसतं तोंड दिसतं."

होलिसनं टॉवेल काखेत मारला.

"पहिली ओळ परत म्हण."

"गोदामाच्या दारी सखे..."

"दादा," व्हर्नानं मागून विचारलं, "ती 'हवा' किती लांबवायची?"

"ऑफिसला दिसेपर्यंत, ताई."