बर्फ काढणाऱ्याच्या दारातला बर्फ

(पहाटेचे सव्वापाच. पश्चिम सर्बियाच्या डोंगरात, रस्त्यावरचा बर्फ काढणाऱ्या गाड्यांचा डेपो. फोन देसांकाच्या हातात आहे. ड्रायव्हरांच्या पाळ्या तीच लावते. पलीकडे वरच्या ब्रेझना गावातून ड्रायव्हर राडिसाव बोलतो आहे.)

देसांका : पुन्हा सांग. सावकाश सांग, मी लिहून घेतेय.

राडिसाव : लिहू नका ना ताई. आधी ऐका तरी.

देसांका : ऐकलं. रस्त्यावर बर्फ आहे, म्हणून तुला कामावर येता येत नाही. बरोबर?

राडिसाव : बर्फ नाही हो. काच आहे. नुसती काच.

देसांका : आणि तुझं काम काय रे राडिसाव?

राडिसाव : तुम्हाला माहीत आहे की.

देसांका : मला आहे. वहीला नाही. वहीत काय लिहू? बर्फ काढणारा आला नाही, कारण बर्फ काढलेला नव्हता? साहेब कॉफी पिता पिता वाचतात. ठसका लागायचा त्यांना.

राडिसाव : हसा तुम्ही.

देसांका : हसत नाहीये. इथे छपरावरून पागोळ्या गळतायत. रात्रभरात एक कण पडला नाही. भिंतीवरचा काटा शून्याच्या वर आहे.

राडिसाव : तुमच्याकडे खाली. इथे वर काल संध्याकाळी बारीक पाऊस भुरभुरला आणि पडल्या पडल्या गोठला. अंगणातलं प्लमचं झाड वाऱ्यावर किणकिणतंय, पेल्यांचं कपाट हलवावं तसं.

देसांका : आज तारीख काय?

राडिसाव : एकोणीस.

देसांका : महिना?

राडिसाव : ताई...

देसांका : डिसेंबर. संत निकोलाचा दिवस. अर्ध्या देशाच्या घरात आज स्लावा, घराण्याच्या संताचं जेवण. उरलेला अर्धा देश त्यांच्याकडे जेवायला निघालाय. तुझ्या घराण्याचा संत कोण?

राडिसाव : निकोला.

देसांका : बघ, काय योगायोग. गेल्या वर्षी आजच्या दिवशी सुट्टी कोणाला होती?

राडिसाव : आमच्या गटाला.

देसांका : आणि यंदा?

राडिसाव : दुसऱ्या गटाला. मी कुठे नाही म्हणतोय?

देसांका : एकोणीस वर्षं झाली ही वही लिहिते. दरवर्षी या तारखेला पहाटे पाच ते सहा एक खास बर्फ पडतो या डोंगरात. तो फक्त निकोलावाल्यांच्या दारात पडतो. शेजारी संत जॉर्जवाला राहत असेल तर त्याचं अंगण कोरडं. वाचून दाखवू? मिलुन, बर्फ. बोश्को, बर्फ. पुढच्या वर्षी बोश्को, बर्फ आणि शिवाय सासू पडली. सासू बर्फावरून पडली का बर्फ सासूवर पडला, ते त्याने सांगितलं नाही.

राडिसाव : मी बोश्को नाही.

देसांका : नाहीस. म्हणून तर फोन अजून धरून ठेवलाय. तुझ्या गाडीला टायर कसले आहेत?

राडिसाव : हिवाळ्याचे.

देसांका : कुठल्या हिवाळ्याचे?

राडिसाव : ...तसे जुने आहेत.

देसांका : मग पायी ये. खालच्या पुलापर्यंत चार किलोमीटर. पुलावर कोणाला तरी पाठवते.

राडिसाव : पायी आलो तर सात वाजतील. सातला रस्ता वाहता होतो. तोवर बर्फाच्या गाडीने निदान मोठा रस्ता तरी मोकळा करायला हवा, नाहीतर शाळेची बस, दवाखान्याची गाडी, सगळं अडेल. तुम्हीच शिकवलंय मला हे.

देसांका : शिकवलंय खरं. मग साहेबांनी काय शिकवलंय तेही आठव. नोव्हेंबरात एकदा बॅटरी गेली म्हणून आला नाहीस. पंधरवड्यापूर्वी दात. तिसऱ्यांदा कारण पटलं नाही तर डेपोची गाडी काढून घेणार म्हणालेत. मिठाच्या गोदामात फावडं देणार हातात. त्या वेळी मी तिथेच उभी होते.

राडिसाव : मीही तिथेच उभा होतो.

देसांका : बावीस वर्षं चालवतोयस ती गाडी. फावडं चालेल तुला?

राडिसाव : नाही चालणार.

देसांका : मग खरं काय ते बोल.

राडिसाव : बरं. लिहा. स्लावा आहे म्हणून आला नाही. पाहुणे येणार आहेत. घरचा यजमान मीच आहे, पाद्री येऊन पाव कापणार, मेणबत्ती मीच लावायची. मोह झाला. झालं? लिहा.

देसांका : इतक्यात कबूल केलंस?

राडिसाव : तुम्हीच म्हणालात ना खरं बोल.

देसांका : एकोणीस वर्षांत एकानेही कबूल केलेलं नाही. बोश्कोने तर सासूच्या नावाने डॉक्टरचा कागद आणला होता. तू दोन मिनिटांत गाडी सोडायला तयार झालास? काहीतरी लपवतोयस.

राडिसाव : काही नाही. लिहा आणि सोडा मला.

यागोदा : दे तो फोन इकडे.

राडिसाव : यागोदा, तू मध्ये पडू नकोस.

यागोदा : मी मध्येच आहे. हाताला पीठ लागलंय, नाहीतर मघाशीच घेतला असता. ताई, मी यागोदा. याची बायको. नाताळात डेपोत केक आणला होता, ती.

देसांका : अक्रोडाचा. आठवतोय. बोल गं.

यागोदा : हा खोटं बोलतोय.

देसांका : ते कळलं मला. कुठलं खोटं, तेवढं कळेना.

यागोदा : दुसरं. पहिलं खरं होतं. काल हा मासे आणायला खाली गेला होता. उपासाचा काळ, स्लावाला मासाच लागतो. तीन मोठे जिवंत मासे टबात घालून येत होता. ते खिंडीजवळचं वळण आहे ना, जिथे खाली ओढा दिसतो?

देसांका : माहीत आहे. फळकुटाचं वळण म्हणतो आम्ही. कठडा गेलाय तिथला.

यागोदा : तिथे गाडी फिरली. हा ब्रेक लावतोय आणि गाडी आपली भोवऱ्यासारखी. तोंड आलं उताराकडे आणि मागची चाकं कडेच्या बाहेर. एका झाडाने धरली. एकच झाड आहे तिथे.

देसांका : देवा. लागलं का त्याला?

यागोदा : काही नाही. टब फुटला. एक मासा याच्या मांडीवर उडत होता आणि हा पुतळ्यासारखा बसलेला, हलायची सोय नाही. मग रस्त्याकडच्या दाराने सरपटत निघाला, मासे कोटात गुंडाळले आणि वर चालत आला. मला म्हणाला पेट्रोल संपलं. मी म्हटलं, पेट्रोल संपलेल्या माणसाच्या गुडघ्याला शेवाळ कसं लागतं? तेव्हा सांगितलं.

देसांका : म्हणजे गाडी अजून तिथेच आहे?

यागोदा : झाडाला टेकून. आणि हा रात्री तीनदा उठला. चुलीपाशी बसून हात चोळत होता. विचारलं तर म्हणे थंडी.

देसांका : हे मला पहिल्याच वाक्यात सांगायला काय झालं होतं याला?

यागोदा : लाज. दुसरं काय. बर्फ काढणारा माणूस स्वतःच्या दारातल्या बर्फावर घसरला, हे डेपोत कळलं तर उन्हाळा येईस्तोवर हसतील म्हणे. त्यापेक्षा स्लावासाठी दांडी मारली म्हटलं तर माणसं समजून घेतात.

देसांका : हसतील हे खरं. पहिली मीच हसेन. फोन दे त्याला.

राडिसाव : झालं समाधान दोघींचं?

देसांका : घाबरलास?

राडिसाव : ...हो.

देसांका : बरं झालं. न घाबरणारे दोन ड्रायव्हर होते आमच्याकडे. दोघेही आता बस चालवत नाहीत, ट्रक चालवत नाहीत, काहीच चालवत नाहीत. ऐक. मी लिहिलंय. "ब्रेझना रस्ता गोठलेला, कर्मचाऱ्याची स्वतःची गाडी काल फळकुटाच्या वळणावर घसरली, वाहतुकीस धोकादायक. सूचना मिळाली पाच चाळीसला." हे कारण साहेबांना पटेल. नाही पटलं तर मी त्यांना त्याच वळणावर घेऊन जाते, त्यांच्याच गाडीतून.

राडिसाव : म्हणजे मी घरी थांबू?

देसांका : थांबू शकतोस. गाडी तुझीच राहणार, त्याची काळजी सोड. मेणबत्ती लाव, पाद्रीबरोबर पाव काप, यजमानाने बसायचं नसतं, उभं राहून पाहुण्यांना वाढ.

राडिसाव : आणि माझे रस्ते?

देसांका : वुकोमान करेल. रात्रपाळी संपवून आत्ताच आलाय. डोळे मेलेल्या माशासारखे झालेत त्याचे, पण करेल.

राडिसाव : त्याला बारा तास झालेत.

देसांका : झालेत.

राडिसाव : तिन्ही रस्ते एकट्याने?

देसांका : तू म्हणशील तर.

राडिसाव : तुम्ही मला ओढताय, ताई.

देसांका : ओढत असते तर मघाशीच ओढलं असतं. आता दोन गोष्टी सांगते, मग तुझं तू ठरव. पहिली, दुधाचा टँकर नऊला ब्रेझनाला चढतो. म्हणजे ती काच कोणीतरी नऊच्या आत फोडायलाच हवी. मोठा रस्ता इथे खाली नुसता ओला आहे, तो थोडा थांबेल. म्हणून तुझी चार नंबरची गाडी मी आधी तुमच्याकडेच पाठवतेय, चाकांना साखळ्या लावून, मीठ-खडी भरून. वुकोमान चालवत आणेल, तुझ्या दारापर्यंत.

राडिसाव : आणि दुसरी?

देसांका : दुसरी ही, की दारात आल्यावर त्याच्याकडून किल्ली घ्यायची की त्याला परत पाठवायचं, ते तू त्या वेळी बघ. मी इथून विचारणार नाही.

राडिसाव : खाली उतरताना ते वळण लागणारच.

देसांका : लागणार. पण या वेळी बारा टनांची गाडी तुझ्या बुडाखाली असेल, मासे मांडीवर नसतील.

यागोदा : ताई, मी ऐकतेय हं इकडून. तो वुकोमान उपाशी आहे का?

देसांका : रात्रीपासून.

यागोदा : मग स्लावाचा पहिला पाहुणा तोच. स्लावाला आमंत्रण नसतं, दार उघडं असतं. त्याला म्हणावं, मोजे बदलून ये. पाद्री येईस्तोवर झोप हवी तर झोपूही देत कोचावर.

राडिसाव : आणि मी गेलो तर यजमान कोण?

यागोदा : मी. उभंच राहायचं ना? मी आयुष्यभर उभीच आहे.

* * *

राडिसाव : डेपो. चार नंबर बोलतोय.

देसांका : बोल, चार नंबर. गाडीत कोण?

राडिसाव : मी. वुकोमान आमच्याकडे बीन्स खातोय. यागोदाने त्याला बाहेर सोडलंच नाही. म्हणाली, आधी ताट, मग बोलणं.

देसांका : किती वाजले तुझ्याकडे?

राडिसाव : सात वीस. गावातलं झालं. आता खिंडीच्या वर आहे.

देसांका : वुकोमानने चढताना फोडलं असेल ना?

राडिसाव : मधलं फोडलंय. कडेला राहिलंय, आणि वर पुन्हा धरतंय. पाणी वाहतंय ना ओढ्याकडून. पातं टेकवलं की ठिणग्या उडतायत.

देसांका : मीठ सोड.

राडिसाव : सोडलंय. ताई.

देसांका : आहे.

राडिसाव : वळण दिसतंय. माझी गाडी पण दिसतेय. केवढीशी दिसते वरून, आगपेटीएवढी.

देसांका : तिच्याकडे बघू नकोस. रस्त्याकडे बघ. दुसरा गिअर.

राडिसाव : पहिलाच आहे.

देसांका : मग उत्तम.

राडिसाव : बोलत राहा काहीतरी.

देसांका : काय बोलू? मिलुनचा फोन आला होता. बर्फ आहे म्हणाला. मी विचारलं, दारात का रस्त्यावर. म्हणाला, दोन्हीकडे. मग मी म्हटलं ब्रेझनाचा रस्ता आज पहाटे एका शहाण्या माणसाने स्वतः पाहिलाय, तुझ्याकडे काय आहे ते नीट सांग. तर म्हणतो, म्हणजे तितका नाही, पण आत्या येणार आहे. येतोय तो आता. धुसफुसत, पण येतोय. राडिसाव?

राडिसाव : हं.

देसांका : कुठे आहेस?

राडिसाव : वळणात. कडेच्या चाकाखाली कुरकुरतंय.

देसांका : मिठाचा आवाज तो.

राडिसाव : माहीत आहे. झालं. बाहेर पडलो.

देसांका : हं. चहा घे आता, थर्मास असेल ना.

राडिसाव : यागोदाने भरून दिलाय. थांबा, खाली पुलापाशी गाड्या उभ्या आहेत. तीन. नाही, चार. दिवे लावून उभ्या.

देसांका : टँकर?

राडिसाव : टँकर नाही. पहिली पाद्रीबाबांची. मागे माझा मेहुणा, दोन्ही पोरांसह. मागे कोण ते कळत नाही, पण टपावर वाइनचं पीप बांधलंय, म्हणजे आमच्याकडेच निघालेत.

देसांका : इतक्या लवकर?

राडिसाव : रस्ता कसा असेल या काळजीने लवकर निघाले म्हणतात. पाद्रीबाबांनी काच खाली केलीय. विचारतायत, वर जायला ठीक आहे का म्हणून.

देसांका : मग, काय सांगितलंस?

राडिसाव : हळू जा म्हटलं. पण जा.