गोडाच्या डब्यातलं भूत

दवाखान्यात दोन जावा साखरेच्या रिपोर्टची वाट पाहत बसल्या होत्या, मध्ये सासरे. टेबलामागच्या नर्सचे कान मात्र तिकडेच होते.

"जाऊबाई, रोज दुपारी गोडाचा डबा हलका होतो. सासूबाईंचं भूतच ते!"

"भूतबीत काही नसतं गं. आणि त्या तर गोडाला शिवतही नव्हत्या."

"मेल्यावर आवड बदलते," सासरे म्हणाले. "मी डोळ्यांनी पाहिलंय तिला."

"मग आजपासून डबा माळ्यावर."

"नको, सूनबाई! तिचे गुडघे दुखतात. स्टुलावर चढवणार नाही तिला."

"भुताचे गुडघे, मामंजी?"

नर्सने रिपोर्ट उघडला. "आजोबा, आत चला. आणि आजींना सांगा, आजपासून त्यांचं गोड बंद."

"ऐकलंस?" आजोबा छताकडे बघून करवादले. "तरी सांगत होतो, एका वेळी एकच खा!"