कोऱ्याला हात नाय लावला

...नाही, पण मी म्हणतो, बारा वर्षं लिहिलेली कादंबरी, एकुलती एक प्रत, ती माणसानं पलंगाखाली रद्दीशेजारी ठेवावीच कशाला? आमच्या पंचवटीतल्या लहानू सरांनी ठेवली! तुम्हाला सांगतो, शाळेत भूगोल शिकवणारा माणूस, पण डोक्यात भलताच नकाशा... उलटी वाहणारी नदी, सात सुळक्यांचं राज्य, आणि त्या राज्याला छळणारी राणी काळजिव्हा! ही राणी सुचली कुठून म्हणता? अहो, पिंपळगावच्या सख्ख्या थोरल्या वहिनीवरून! वत्सलाबाई द्राक्षबागेत उभ्या राहून मजुरांवर ओरडायच्या आणि हे दीर बांधावर बसून वहीत उतरवून घ्यायचे. "मेल्यांनो, आधी हात चालवा, तोंडं मागून चालवा!" जसंच्या तसं राणीच्या तोंडी घातलं. राक्षसांच्या फौजेपुढे!

बरं, झेरॉक्स काढावी की नाही? छे! शेवटचं वाक्य लिहायच्या आधी झेरॉक्स काढली तर कादंबरी अडते म्हणे. कुणी सांगितलं? कुणीच नाही! तर दोन हजार सातचा डिसेंबर, आणि पुण्याहून प्रकाशकाचा फोन. "सर, संक्रांतीच्या आत बाड हातात पडलं तर छापतो. नाहीतर आपला राम राम!" बारा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी हो म्हटलेलं हो! माणूस जेवेना, बोलेना, दाढी करेना... आणि जानेवारी लागल्यावर एका रविवारी त्यांनी राणीला सुळक्यावरून खाली ढकललं आणि ओरडले, "शुभांगी, झालं लिहून!" शुभांगी म्हणजे बायको. तिनं आनंदानं शेजारीपाजारी साखर वाटली. मीही खाल्ली.

सोमवारी सर शाळेत, आणि दारात टेम्पो. सरांचा थोरला भाऊ बहिरू, वत्सलाबाईंचा नवरा! त्याचं असं, की थंडीत द्राक्षाचे मणी गुलाबी पडतात, म्हणून घडाघडाला कागद गुंडाळून पिन मारायची. तर त्याला हवी रद्दी. शुभांगीनं पलंगाखालची काढून दिली. सगळी!

संध्याकाळी सरांनी पलंगाखाली हात घातला... हाताला फरशी लागली! मी दारातच होतो, त्यांचं तोंड पांढरंफटक पडलेलं बघितलंय मी. "शुभांगी... माझं बाड?" तर ती बिचारी म्हणते, "अहो, लिहून झालं म्हणालात ना? तुमचे कोरे कागद कपाटात आहेत! कोऱ्याला हात लावला नाही मी." आता बोला!

मंगळवारी पहाटेच्या एस.टी.नं सर पिंपळगावात. बहिरू दात घासत उभा.

"दादा, माझी कादंबरी?"

"लावली की काल दुपारीच! चांगला जाड कागद होता. लिहिलेलाच लावला, कोऱ्याला हात नाय लावला आपण."

"काढू दे मला! आठ दिवस उरलेत रे!"

"काढून तर बघ! मणी गुलाबी पडला की परदेशी जायचा माल घरी बसंल. वर्षाची मेहनत हाय माझी."

"आणि माझी बारा वर्षांची?"

"ती घडावर वाचता येती ना, लहान्या? मग वाच!"

मग काय! मांडवाखाली मान वर करून, गुंडाळलेल्या कागदात खालून बॅटरी मारून, सर एकेक पान वहीत उतरवायला लागले. चारशे बारा पानं! वेलींच्या दुसऱ्या ओळीत नायक मरतोय, नवव्या ओळीत त्याचं बारसं! मान धरली, डोळे सुजले, वर फवारलेल्या औषधाच्या वासानं शिंका... शिंकले की बहिरू ओरडणार, "घड हालतोय!" पाच दिवसांत चारशे अकरा पानं सापडली. शेवटचं? सगळ्या ओळी तीनदा पालथ्या घातल्या, पण नाही!

"हे हुडकताय का, भावजी?" मागं वत्सलाबाई उभ्या. कनवटीला घडी केलेलं पान. 

"कागद लावताना मजुरांपुढं वाचलं मी. रंगूबाई म्हणली, ताई, ही राणी तर तुमच्यासारखीच बोलती. मी बी हासले... आन मग हे पान आलं." त्यांनी पान उघडून सरांपुढं धरलं. "दहावीपर्यंत डबा मी दिला तुम्हाला. तापात उशाशी मी बसले. आन बारा वर्षं माझं बोलणं लिहून घेतलं, ते मला ढकलून द्यायला?"

सरांना मान वर करवेना. पाच दिवस वरच होती, ती आता खाली गेली. "वहिनी... चुकलं माझं," एवढंच बोलले आणि बांधावर बसून नवा शेवट लिहायला घेतला. राणी सुळक्याच्या टोकावर, फौज ढकलायला पुढे सरसावलेली, आणि ती मागं वळून म्हणते, "ढकलता काय, मेल्यांनो? उद्या भाकरी कोण थापणार?" फौज जागेवर थिजली आणि उलटी नदी गुपचूप सुलटी वाहू लागली! सर वाचत गेले आणि वत्सलाबाईंनी उभ्या उभ्या ऐकलं. डोळे पुसले, जुनं पान मजुरांच्या चुलीत घातलं आणि म्हणाल्या, "आता न्या."

पोचलं बाड, संक्रांतीच्या आदल्या दिवशी! छापलंही. प्रकाशक म्हणाला, "सर, बाकी पुस्तक ठीक आहे. शेवट मात्र तुम्ही लिहिल्यासारखा वाटत नाही, झकास आहे!"

पण घेतंय कोण? दोन वर्षांनी न खपलेली सगळी पुस्तकं गठ्ठ्यांनी परत आली, पलंगाखाली मावेनात. थंडी पडली तसा सरांनी स्वतःच टेम्पो बोलावला, मी गठ्ठे चढवू लागलो. पिंपळगावच्या बागेत पोचलो, तर वत्सलाबाईंनी एक पुस्तक उघडलं आणि दचकल्या. "अहो भावजी, ही तर आपली राणी! हिला कसं फाडायचं?"

सरांनी खिशातून पिना काढल्या आणि म्हणाले, "लावा वहिनी... कोऱ्याला हात नाय लावला आपण."